घरचा पोहण्याचा तलाव : आधी जमिनीखालचं पाणी बघा

सरावलीत बंगला बांधायला काढला की हल्ली नकाशात स्विमिंग पुलाची निळी चौकट येतेच. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे या पट्ट्यात पैसा आला, भाताची खाचरं भरून प्लॉट पडले, केळवे, शिरगाव, नांदगावकडच्या वाड्यांमध्ये भाड्याने मिळणारी फार्महाऊस उभी राहिली. तिथे दोन दिवस राहून आलेल्या मुलांनी घरी आल्यावर ‘आपल्याकडे पण हवा’ म्हणून हट्ट धरला, तर त्यात नवल नाही. मग चौकशी सुरू होते : काँक्रीटचा बरा की फायबरचा? लायनरचा टिकतो का? जमिनीवर ठेवायचा फुगवता तलाव चालेल का? कंत्राटदार आपापला माल चांगला म्हणून सांगतो, घरातली मंडळी टाइल्सचा रंग निवडतात आणि जो प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा तो राहून जातो. आपल्या प्लॉटखाली ऑगस्ट महिन्यात पाणी किती फुटांवर असतं?

पालघर तालुक्यात वर्षाला साधारण २,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात ज्या विहिरीत दोर सोडता सोडता हात दुखतात, तीच विहीर नारळी पौर्णिमेच्या सुमारास इतकी भरते की कठड्यावरून वाकून कळशी बुडवता येते. विहिरीतलं ते पाणी म्हणजे आजूबाजूच्या जमिनीतल्या पाण्याची उघडी पातळी. खाचर भरून केलेल्या प्लॉटवर वरचे दोन-तीन फूट मुरूम असतो, त्याखाली जुनी चिकण माती. पाणी मुरमातून झरझर खाली उतरतं आणि चिकण मातीवर तुंबून राहतं. आपण तलावासाठी खड्डा खणतो तो नेमका या तुंबलेल्या पाण्यात.

याचा परिणाम आकड्यांत मांडतो. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, चार फूट खोल असा घरगुती तलाव धरा. त्यात ८०० घनफूट, म्हणजे सुमारे २२,६०० लिटर पाणी मावतं. हा तलाव जमिनीत काठापर्यंत गाडलेला आहे, आत पाणी नाही आणि बाहेरची माती वरपर्यंत पाण्याने भरली आहे, असं झालं तर खालचं पाणी त्याला जवळपास साडेबावीस टनांच्या जोराने वर ढकलतं. एवढ्या आकाराचं फायबरचं तयार भांडं वजनाला एक टनही भरत नाही, त्यामुळे ते होडीसारखं वर येतं. काँक्रीटची टाकी तरी बसून राहील असं वाटतं, पण सहा इंची तळ आणि सहा इंची भिंती धरल्या तरी तिचं वजन पंधरा-सोळा टनांच्या घरात जातं. म्हणजे तीही पुरती सुरक्षित नाही. तलाव भरलेला असतो तेव्हा आतलं पाणीच त्याला दाबून धरतं. धोका असतो तो पावसाळ्यात ‘वापर नाही, तर रिकामा करून धुऊन ठेवू’ म्हणणाऱ्या घरात. आपल्या भागात पोहण्याचा तलाव जून ते ऑक्टोबर कधीही पूर्ण रिकामा करायचा नसतो. पावसाळ्यात पाणी वर येणाऱ्या प्लॉटवर बांधणाऱ्याने तळात दाब सोडणारा व्हॉल्व आणि खाली खडीचा निचरा-थर ठेवलाच पाहिजे. ठेवणार नसेल तर त्याला काम देऊ नका.

आता प्रकारांकडे येऊ. सळई बांधून ओतलेला काँक्रीटचा तलाव हा सगळ्यांत जुना आणि अजूनही सगळ्यांत भरवशाचा. नोझलमधून दाबाने काँक्रीट मारायची रीत, जिला आपले कंत्राटदार गुनाइट किंवा शॉटक्रीट म्हणतात, ती कार्ल एकली या अमेरिकन माणसामुळे आली. तो संग्रहालयात मेलेले प्राणी भरून जिवंत वाटतील असे उभे करायचा. इमारतीच्या उखडलेल्या भिंतीची डागडुजी करण्यासाठी त्याने सिमेंट फेकणारं यंत्र बनवलं आणि १९११ साली त्याला पेटंट मिळालं. पुढे अमेरिकेत घरोघरचे तलाव याच रीतीने उभे राहिले. आपल्याकडे छोट्या कामाला गवंडी शटरिंग लावून काँक्रीट ओततात, तेही चालतं. फक्त ती नेहमीची घरबांधणी समजून करता येत नाही. पाणी साठवणाऱ्या काँक्रीटसाठी भारतीय मानक आयएस ३३७० वेगळं आहे आणि त्यात सळईच्या काँक्रीटला किमान एम-३० दर्जा सांगितला आहे. स्लॅबचं काँक्रीट याहून हलकं असलं तरी खपतं. तेच मिश्रण तलावात वापरलं की दोन-तीन वर्षांत ओल झिरपायला लागते, सळई गंजते आणि टाइल्स फुगतात.

काँक्रीटच्या तलावाचा जीव वॉटरप्रूफिंगमध्ये असतो. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाला चार-साडेचार हजार वर्षं झाली. त्याच्या बांधणाऱ्यांनीही नुसत्या विटांवर भरवसा ठेवला नव्हता, भिंतीत डांबरासारख्या पदार्थाचा थर दिला होता. आजच्या घरमालकाने निदान एवढं करावं : टाइल्स बसवण्याआधी तलाव पूर्ण भरून आठवडाभर ठेवायला लावावा. पातळी उतरतेय ती गळतीमुळे की उन्हामुळे, हे ओळखायला साधी बादली पुरते. तलावाच्या पायरीवर बादली अशी ठेवायची की तिचा काठ पाण्याच्या वर राहील. बादलीत तलावाइतक्याच पातळीपर्यंत पाणी भरायचं आणि दोन्हीकडे खडूची खूण करायची. दोन दिवसांनी दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या असतील तर ते बाष्पीभवन. तलावाची पातळी जास्त उतरली असेल तर टाकी किंवा पाइप गळतोय. कंत्राटदार ‘नवीन काँक्रीट पाणी पितं’ असं सांगेल आणि पहिल्या एक-दोन दिवसांपुरतं ते खरंही असतं. पण पाचव्या-सहाव्या दिवशीही फरक दिसला तर टाइल्सवाल्याला परत पाठवा.

फायबरग्लासचं तयार भांडं ट्रकवर येतं आणि क्रेनने खड्ड्यात बसतं. काम महिन्यांऐवजी दिवसांत उरकतं, पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने शेवाळ कमी धरतं आणि ते थोडं लवचीक असल्यामुळे जमीन जराशी खचली तरी लगेच तडा जात नाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, दुंदलवाडीचं नाव रोज बातम्यांत येत होतं आणि २०१९ च्या फेब्रुवारीत ४ रिश्टरच्या वरचा धक्काही बसला. त्या आठवणीमुळे बरेच लोक फायबरकडे वळतात. तो विचार चुकीचा नाही, पण अपुरा आहे. नीट सळई बांधलेली छोटी काँक्रीटची टाकी असे धक्के सोसते. फुटतात ते बहुतेक वेळा टाकी आणि पंपघर यांना जोडणारे पाइपांचे सांधे. तिथे लवचीक जोड द्यायला दोन्ही प्रकारांत सांगावं लागतं. फायबरची खरी अडचण दोन ठिकाणी आहे. एक, वर सांगितलेली तरंगण्याची. दुसरी रस्त्याची : दहा फूट रुंदीचं भांडं घेऊन ट्रक आणि क्रेन गल्लीत शिरणार कशी? जुन्या गावठाणात, पाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर किंवा दोन चाळींमधल्या बोळात हा पर्याय तिथेच संपतो.

लायनरचा तलाव म्हणजे विटांच्या, ब्लॉकच्या किंवा पत्र्याच्या भिंती आणि आत पीव्हीसीचं जाड अस्तर. सुरुवातीला स्वस्त, पण अस्तर काही वर्षांनी बदलावं लागतं आणि भूजल वर आलं की ते मागून फुग्यासारखं सुटतं. आपल्या ओल्या जमिनीत जमिनीखाली लायनर मी सुचवणार नाही. जमिनीवर उभा केलेला असेल तर ठीक. तयार पॅनेल जोडून उभे करायचे तलावही आता मिळतात. त्यातले काही पाइप न टाकता भिंतीवरच्या एकाच गाळण्याने चालतात. गळतीचे सांधे कमी हा त्यांचा मोठा गुण, आणि सुटे भाग व माणूस दोन्हीसाठी एकाच कंपनीवर अवलंबून राहणं हा तेवढाच मोठा दोष.

नैसर्गिक तलावाबद्दल हल्ली बरंच लिहिलं जातं. ऑस्ट्रियात १९८० च्या दशकात ही कल्पना रुजली. अर्ध्या भागात पोहायचं, अर्ध्या भागात पाणवनस्पती, आणि त्या वनस्पतींनी व खडीतल्या जिवाणूंनी पाणी स्वच्छ ठेवायचं, क्लोरीन नाही. मला ती मनापासून आवडते. पण ती थंड हवामानातली आहे. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये उथळ पाणी इतकं तापतं की शेवाळ वनस्पतींच्या पुढे धावतं, शिवाय डासांचा प्रश्न उरतोच. गप्पी मासे सोडून डासांच्या अळ्या आटोक्यात येतील, पण माणसांच्या अंगावरून उतरणारे जंतू मासे खात नाहीत. जागा मोठी, पोहणारी माणसं चार-पाचच आणि बागकामाची खरी हौस असेल तरच या वाटेला जावं.

गच्चीच्या बाबतीत मात्र मी कुठलाही पर्याय देणार नाही. बोईसरच्या रो-हाऊसमध्ये उन्हाळ्यात गच्चीवर फुगवता तलाव मांडलेला दिसतो. एक फूट उंचीचं पाणी दर चौरस मीटरला ३०० किलो भार टाकतं. घराच्या खोल्यांसाठी इंजिनिअर जो वापराचा भार धरतो तो साधारण २०० किलो असतो आणि गच्चीसाठी त्याहूनही कमी. म्हणजे दोन फूट पाणी म्हणजे धरलेल्या भाराच्या तिप्पट-चौपट, चार फूट म्हणजे सहा ते आठ पट. स्लॅब त्याच दिवशी कोसळत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही झालं नाही. मुलांसाठी मांडायचा असेल तर अंगणात, सपाट जमिनीवर, एक-दीड फूट पाण्याचा मांडा आणि संध्याकाळी तेच पाणी झाडांना घाला. लहान मुलं असलेल्या बहुतेक घरांना खरं तर एवढंच पुरेसं असतं, आणि दोन उन्हाळे हे करून बघितलं की पक्का तलाव हवा की नको हेही घराला आपोआप कळतं.

आता भरायच्या पाण्याचं. हा प्रश्न पालघर जिल्ह्यात नुसता तांत्रिक राहत नाही. सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचं पाणी उद्योगांना जातं, शेतीला जातं आणि वसई-विरार, मीरा-भाईंदरसाठी ४०३ दशलक्ष लिटरची योजनाही त्याच नदीवर आहे. त्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. जलजीवन मिशनने गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी हे प्रमाण ठरवलं आहे. त्या हिशेबाने आपला वीस बाय दहाचा तलाव एकदा भरणं म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबाचं ऐंशीहून जास्त दिवसांचं पाणी. हे सांगून कुणाला तलाव बांधू नका असं म्हणायचं नाही. पण तो मे महिन्यात टँकरने किंवा ग्रामपंचायतीच्या नळाने भरू नये, हे मी आग्रहाने म्हणेन. इथे निसर्गानेच सोय केली आहे : वीस बाय दहाच्या उघड्या पृष्ठभागावर एका पावसाळ्यात सुमारे ४४,००० लिटर पाऊस पडतो, तलावाच्या जवळजवळ दुप्पट. बंगल्याच्या छपराचं पाणी गाळून सोडलं तर जुलैच्या दोन-तीन झडींत तलाव भरेल. पावसाचं पाणी मऊ असतं, त्यात लोह नसतं, क्षार नसतात. फक्त त्याचा आम्लपणा आणि क्षारता तपासून दुरुस्त करावी लागते. एकदा भरलेलं पाणी नीट राखलं तर वर्षानुवर्षं बदलावं लागत नाही. उन्हाळ्यात दिवसाला नव्वदेक लिटर उडून जातं, तेवढी भर घालायची. वर आच्छादन टाकलं तर तेही बरंच वाचतं.

बोअरचं पाणी भरणार असाल तर आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. काळ्या दगडातलं पाणी अनेकदा जड असतं, त्याने टाइल्सवर आणि गाळण्यात पांढरा थर बसतो. पाण्यात लोह असेल तर क्लोरीन टाकताच स्वच्छ दिसणारं पाणी चहासारखं तांबूस होतं आणि घरचे घाबरतात. चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्याकडे खारेपणा असतो. औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या गावांत तर नेहमीच्या तपासणीपलीकडे जड धातू आणि रसायनांचीही तपासणी करून घ्यायला हवी. तारापूरच्या सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला, ते काही उगाच नव्हे. ज्या विहिरीचं पाणी आपण प्यायला बिचकतो, त्यात मुलांना तासभर डुंबायला सोडणं मला पटत नाही.

पाणी स्वच्छ ठेवायचं यंत्र हे तलावाइतकंच महत्त्वाचं, आणि खर्च कमी करताना पहिली कात्री लागते ती त्याच्यावर. घरगुती तलावाचं सगळं पाणी सहा तासांच्या आत एकदा तरी वाळूच्या गाळण्यातून फिरायला हवं. पाऊण किलोवॉटची मोटार रोज सहा तास चालली तर दिवसाला साडेचार युनिट, महिन्याला १३५ युनिट. हा आकडा महावितरणच्या बिलात कायमचा येऊन बसतो. वेग कमी-जास्त करता येणारी मोटार महाग असते, पण वेग निम्मा केला की वीज जवळजवळ आठव्या हिश्शावर येते, त्यामुळे ती जास्त वेळ सावकाश चालवणं परवडतं. काठावरून पाणी वाहणारा ओव्हरफ्लो तलाव दिसायला सुंदर, पण त्याला वेगळी बॅलन्सिंग टाकी लागते, तीही जमिनीत, म्हणजे भूजलाचा तोच प्रश्न दुसऱ्यांदा. घरच्या कामाला भिंतीतला साधा स्किमर पुरतो.

क्लोरीनचं प्रमाण दर दहा लाख भागांत १ ते ३ भाग आणि पीएच ७.२ ते ७.८ ठेवायचा. किट घेऊन बाटलीतला रंग ताडून बघायला दोन मिनिटं लागतात. आपल्या उन्हात साधं क्लोरीन दोन तासांत बरंचसं उडून जातं, म्हणून ते संध्याकाळी टाकतात किंवा स्थिरकारक घालतात. मिठाच्या यंत्राचं आकर्षण वाढतंय. त्यात लिटरला तीन-चार ग्रॅम मीठ विरघळवतात आणि यंत्र विजेने त्यातून क्लोरीन बनवतं. डोळे कमी चुरचुरतात हे खरं, पण ‘क्लोरीनमुक्त’ म्हणून ते विकलं जातं ते खोटं. आपल्या तलावाला सत्तर ते नव्वद किलो मीठ लागेल, पावसाळ्यात पाणी वाहून गेलं की तेही वाहून जाणार, आणि गाळणं धुतल्याचं खारं पाणी चिकूच्या किंवा पानवेलीच्या मुळाशी गेलं तर वाडीचं नुकसान. वाडीत राहणाऱ्याने मिठाच्या वाटेला जाऊ नये.

रसायनं ठेवायची खोली हवेशीर हवी आणि आम्ल व क्लोरीन वेगवेगळ्या कोपऱ्यांत. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. वायुगळती म्हणजे काय हे बोईसरकरांना समजावून सांगायला नको. घराच्या मागच्या शेडमध्ये, गडी एकाच मगाने दोन्ही पावडरी काढतो, तिथेही तेच घडू शकतं.

तर सरावलीत, भरावाच्या प्लॉटवर राहणाऱ्या आणि वर्षभर खरोखर पोहणाऱ्या कुटुंबासाठी माझी निवड ठरलेली आहे : छोटा, सगळीकडे चार फूट खोल, सळईच्या काँक्रीटचा तलाव, निम्मा जमिनीत आणि निम्मा वर. दोन फूट वर उचलल्याने खालच्या पाण्याचा जोर निम्म्यावर येतो, अंगणातला चिखल आणि साप-विंचू आत येत नाहीत, काठावर बसता येतं. खणलेला खड्डा भरावातून खालच्या घट्ट मातीपर्यंत नेलाच पाहिजे, नाहीतर एक बाजू खचते. रस्ता रुंद, जमीन उंच आणि विहीर भर पावसातही दहा फूट खाली असेल तर फायबर आनंदाने घ्या. भाड्याच्या किंवा विकायच्या घरात जमिनीवरचा पॅनेलचा तलाव घ्या. आठवड्यातून तीन तास तलावाला द्यायला घरात कुणी नसेल, तर कुठलाच घेऊ नका. न राखलेल्या तलावाचं हिरवं पाणी आठवड्याभरात डासांचं घर होतं आणि त्याचा ताप शेजाऱ्यालाही होतो.

आणि शेवटचं, पण बांधकामात सगळ्यांत आधी धरायचं. महाराष्ट्रात २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने शेतकऱ्याला पाणी दिलं, पण प्लास्टिकच्या गुळगुळीत कागदावरून पाय घसरून शेततळ्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. त्यात पोहायला उतरणारी मोठी माणसंही जातात, कारण धरायला काही नसतं. शेततळं हा स्वस्तातला स्विमिंग पूल नव्हे, त्यात कुणालाही उतरू देऊ नका. घरच्या तलावाला तळाशी एकच मोठं शोषण-छिद्र नको, तीन फुटांच्या अंतरावर दोन हवीत आणि दोन्हींवर फुगीर जाळी. २००२ साली अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रीम बेकर ही सात वर्षांची मुलगी अशा छिद्राच्या ओढीने पाण्याखाली अडकून गेली. तिच्या नावाने तिथे २००७ मध्ये कायदा झाला. ऑस्ट्रेलियात तलावाभोवती १.२ मीटर उंच कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक सक्तीचं आहे. आपल्याकडे सक्तीची वाट बघू नका. आपल्या वस्तीत लहान मुलं एका अंगणातून दुसऱ्या अंगणात खेळत जातात, तलाव आपला असला तरी त्यात पडणारं मूल शेजारच्या खोलीतलं असू शकतं. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता कुंपण उभं राहून फाटकाला कडी लागेपर्यंत देऊ नका, आणि तोवर तलावात पाणीही सोडू नका.